हाताचा रुसवा

रुसवा काढायचं काम आमच्या भावकीत हंबीरराव भावजींकडं. लग्नात मुलाकडचा मामा भरल्या ताटावरून उठला, मानाचा फेटा भलत्याच डोक्यावर चढला, नाहीतर कुणा आत्याबाईला आहेराची साडी हलकी वाटली, की माणसं माझ्या या दिराला शोधत येतात. त्यांच्याजवळ रेक्झिनची एक पिशवी असते. तिच्यात टॉवेल, टोपी, फेटा, नारळ, खण आणि कुंकवाचा करंडा. रुसलेला माणूस बरोबर की चूक, हे ते बघत नाहीत. "काय चुकलं आमचं?" एवढंच विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. गारगोटीपासून नेसरीपर्यंत त्यांनी मोडता मोडता वाचवलेली लग्नं आहेत. त्यातली काही मोडली असती तर बरं झालं असतं, पण ते राहू दे.

तर त्या रविवारी सकाळी भावजी ती पिशवी घेऊन आमच्या उत्तरेश्वर पेठेतल्या घरी आले, ते माझ्या सुनेच्या डाव्या हाताचा रुसवा काढायला.

वर्षाराणीचा डावा हात अकरा वर्षं दुखतोय. खांद्यापासून मनगटापर्यंत. कोपरात वाकवून छातीशी धरला की जरा कमी येतं, म्हणून ती हात तसाच धरून वावरायची. म्हशींची धार एका हातानं काढायची, भाकरी एका हातानं थापायची. फोटो काढून झाले, त्या बोगद्यात घालून काढतात ते पण झाले. सुया झाल्या, पट्टे झाले, शाहूवाडीच्या वैदूचं तेल झालं. त्या तेलाच्या वासानं आमची तांबडी म्हैस दोन दिवस दूध देईना. सगळ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, काही नाही. डॉक्टरनं काही नाही म्हटलं, की घरातल्यांची नजर बदलते. माझी पण बदलली. सोंग म्हणाले मी तिला. दोनदा.

या वर्षी एका हाडाच्या डॉक्टरनं तिला राजारामपुरीतल्या शिवानी मॅडमकडं पाठवलं. बाई वयानं लहान, बोलायला हळू, औषध देत नाही. पहिल्या दिवशी माझा मुलगा विजयसिंह बायकोबरोबर गेला होता, त्याच्या देखत मॅडम म्हणाली, "दुखणं खरंच आहे, यांना कुणी खोटं पाडू नका. फक्त जखम हातात नाही. कधीतरी काहीतरी घडलं आणि त्याचं दुःख करायला यांना सवड मिळाली नाही. ते शरीरात तसंच अडकलंय. शरीराला वाटतंय, ते अजून चालूच आहे."

मग दर शुक्रवारी वर्षाराणी एकटी जायला लागली. दार लावून दोघी बसायच्या. आधी पाय जमिनीला नीट टेकवायचे, दम सावकाश घ्यायचा. मग तो दिवस थोडा थोडा आठवायचा आणि आठवताना मॅडमचं बोट इकडून तिकडं फिरेल तसे डोळे फिरवायचे. फार झालं की थांबायचं. बास, एवढंच. बोट बघून हात बरा होतो म्हणे! पण सहाव्या शुक्रवारनंतर वर्षाराणीनं डाव्या हातानं पेंडीची बादली उचलली. गोठ्यात मी होते, विजयसिंह होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही घाबरलो.

का घाबरलो ते सांगते. स्वप्नालीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नाचं मी मागं पानंच्या पानं लिहिलंय. मांडव, पंगती, नवरदेवाचा घोडा बिथरून गिरणीत शिरला ते. एक गोष्ट गाळली. हळदीच्या दिवशी वर्षाराणीची सतरा दिवसांची पोरगी गेली. विजयसिंह मायलेकींना गारगोटीहून, तिच्या माहेराहून, जीपमधून आणत होता. पोरीला ताप होता. वाटेतच संपली. आईच्या डाव्या हातावर. सुतक कळलं असतं तर लग्न पुढं गेलं असतं, आणि पुढं गेलेलं लग्न होतंच असं नाही. मी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. पाठवणी झाल्यावर आठवड्यानं सगळ्यांना सांगितलं, पोर आज गेली. स्वप्नाली, भावजी, अख्खी भावकी आजवर तेच धरून होती. खरं तिघांना ठाऊक. मला, विजयसिंहाला आणि त्या हाताला.

म्हणून त्या रविवारी माणसं जमवली. वर्षाराणीनं मॅडमकडं जायचं का बंद करायचं, ते ठरवायला. बंद झालं असतं तर हात पुन्हा छातीशी गेला असता. चालू राहिलं असतं तर मी उघडी पडले असते.

"बंद," विजयसिंह बसायच्या आधीच म्हणाला. "लोक विचाराय लागल्यात, बायकू कुठल्या डाक्टरकडं जाती म्हणून. काय सांगू? बोटाच्या?"

"सांग की बोटाच्या," स्वप्नाली म्हणाली. ती हे ऐकायलाच नेसरीहून पहिल्या एसटीनं आली होती. "पर त्या दाराआड ही आमचं काय काय सांगती, ते कळाय पायजे. माझं नाव घेतलंस का गं वैनी?"

"न्हाय वन्सं."

"मग कुणाचं घेतलंस?"

वर्षाराणी फरशीकडं बघत राहिली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

स्वप्नालीच्या मनात काय होतं ते तिनं मला नंतर सांगितलं. तिला वाटत होतं, वैनीला माहेरी असताना कोण आवडत होता, ते आज बाहेर पडणार. विजयसिंहाच्या मनात काय होतं ते मला विचारायला नको. बारा वर्षांचा असताना त्यानं कपबशी फोडली तेव्हा तो जसा बसला होता, तसाच बसला होता.

भावजी मात्र खूश होते. त्यांनी मॅडमचं सगळं म्हणणं विजयसिंहाकडून दोनदा ऐकून घेतलं होतं आणि त्यांना ते आमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

"आक्का," ते मला म्हणाले. सगळी पेठ मला आक्का म्हणते, दीरसुद्धा. "ह्यो रोग न्हवंच. ह्यो रुसवा हाय. हाताला कवातरी मान मिळाला न्हाय. कुणी समजूत काढली न्हाय. अकरा वर्सं हात मांडवाच्या भाईर हुबा हाय. ती मॅडम शिकल्याली हाय, ती बोट हालीवती. आपण आपल्या पद्धतीनं करू. एका बैठकीत मिटतंय. मग शुक्रवार बी नको आन् काय बी नको."

विजयसिंहाला ते एकदम पटलं. मला पण. चारचौघांत नारळ देऊन मिटत असेल तर कुणाला नको? आम्ही दोघं भावजींच्या बाजूला गेलो. स्वप्नाली एकटी पडली, तशी ती वैनीच्या बाजूला सरकली. आमच्या घरात बाजू अशाच ठरतात.

मग लोड आला. लोडावर नवी चादर. चादरीवर वर्षाराणीचा हात. भावजींनी मनगटाला कुंकू लावलं, कोपरावर टोपी ठेवली. ती घसरायला लागली, तशी त्यांनी फेटा सोडून खांद्यापासून दंडापर्यंत चांगले नऊ वेढे दिले आणि तुरा वर काढला. तळहातावर नारळ. खण कुठं ठेवायचा यावर वाद झाला.

"हात बाईचा हाय, खण पायजेच," स्वप्नाली म्हणाली.

"फेटा बांधल्यावर खण कसा?" विजयसिंह.

"मग फेटा काढा."

"बांधलेला फेटा काढायचा म्हंजे आणिक एक रुसवा," भावजी म्हणाले. "खण बोटांत धरू दे."

वर्षाराणी हे सगळं बघत बसली होती. परक्या माणसाचा हात शेजारी आणून ठेवावा तशी. भावजी हाताच्या समोर मांडी घालून बसले, दोन्ही हात जोडले आणि लग्नातल्या मामाला म्हणतात तसंच, अगदी त्याच सुरात म्हणाले, "पावणं. झालं गेलं सोडा. काय चुकलं आमचं, तेवढं सांगा."

बाहेर म्हैस ओरडली. हात काही बोलला नाही.

"हातानं बोलावं अशी अपेक्षा हाय का, काका?" विजयसिंहानं विचारलं.

"त्याच्या वतीनं घरचं माणूस बोलतंय. बोल पोरी. मागणं सांग. जे मागशील ते मान्य."

"जे मागंल ते?" वर्षाराणी म्हणाली.

"रुसव्याचा कायदा हाय त्यो."

तेव्हा तिचे ओठ हलले. ती हसली. माझी सून हसताना कशी दिसते ते मी विसरले होते.

"हात म्हणतोय," ती म्हणाली, "पहाटंची धार ह्यांनी काढायची."

"हात म्हणतोय का तू म्हणतीस?" विजयसिंह उसळला.

"मधी बोलायचं न्हाय!" भावजींनी दाबलं. "पयल्यांदा बारकं मागत्यात. मान्य म्हण."

"मान्य," विजयसिंह म्हणाला.

"हात म्हणतोय, वन्सं माहेरी आल्या की आठ आठ दिस हातरुणात च्या मागत्यात. हाताला ते बरं वाटत न्हाय."

"अगं बया! मी तुझ्या बाजूनं बसलोय की!" स्वप्नाली उठली.

"तू मान्य म्हण आन् बस," मी म्हणाले. मला मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू?

"हात म्हणतोय, मामांनी जेवल्यावर ताटात हात धुवायचं बंद करायचं."

मामा म्हणजे तिचे चुलत सासरे, आमचे भावजीच. हात जोडून होते, ते तसेच राहिले. तीन तालुक्यांतले रुसवे काढलेला माणूस. त्यांना आजवर उलटं कुणी काही मागितलं नव्हतं. ते बारीक आवाजात म्हणाले, "मान्य."

त्याच वेळी दारात शिवानी मॅडम उभी राहिली. तिला भावजींनीच फोन करून बोलावलं होतं, मानाची माणसं दोन्हीकडची लागतात म्हणून. तिनं लोड बघितला, नारळ बघितला, तुरा काढलेला फेटा बघितला. चप्पल काढायची विसरली.

"हे काय चाललंय?"

"तुमचंच काम हाय, मॅडम," भावजी उठून म्हणाले. "फकस्त लवकर."

"माझं काम नाही हे!" ती बाई मोठ्यानं बोलू शकते ते तेव्हा कळलं. "जुनी जखम अशी दहा माणसांत उघडायची नसते. आधी माणसाच्या पायाखालची जमीन घट्ट करायची असते, मग हळूहळू. नाहीतर माणूस पुन्हा त्याच दिवसात जाऊन पडतं." ती वर्षाराणीजवळ खाली बसली. "वर्षाताई, हे थांबवू या का? तुम्ही म्हणाल तसं. आत्ता फेटा सोडते."

वर्षाराणीनं पाय लोडाखालून काढले आणि फरशीवर टेकवले. दोन्ही. मग दम घेतला.

"नको मॅडम. ह्या घरात मला कुणी विचारलं न्हवतं, काय पायजे म्हणून. आज हाताला विचारल्यात. आणिक एकच मागणं हाय."

"मधे कधीही थांबायचं. मी इथंच आहे."

"व्हय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "हात म्हणतोय, हळदीच्या दिवशी मागच्या दाराला काय झालं, ते आत्तींनी सांगायचं. सगळ्यांदेखत. मी मॅडमना सांगितलंय. पर मी सांगून हाताला पटंना. त्याला आत्तींच्या तोंडून ऐकायचंय."

विजयसिंह म्हणाला, "वर्षा, ऱ्हाऊ दे."

"मान्य म्हणायचंय फकस्त," ती म्हणाली.

मी आयुष्यात कुणाला मान्य म्हटलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही. गल्लीतल्या नळावरून मी नगरसेवकाला परत पाठवलंय. उठून आत जावं, चहाचं आधण ठेवावं, आणि आत आहे तोवर ही सगळी उठून गेली तर जाऊ द्यावीत, असं मला वाटलं. गुडघ्यावर हात टेकून उठायला पण लागले. भावजी माझ्या समोर आले. ते मला नाही म्हणायला कधी आले नव्हते.

"आक्का, कायदा हाय," ते म्हणाले. डोळ्यांत काळजी होती. त्यांना वाटत होतं, आहेरावरून काहीतरी झालेलं असणार.

मी खाली बसले.

"पोर त्या दिवशी गेली," मी म्हणाले. "हळदीदिवशी."

"कुठली पोर?" स्वप्नाली.

"हिची. तुझ्या पाठवणीनंतर न्हाय गेली. जीपमधीच गेल्ती. जीप मागच्या दाराला लागली. मांडवात तुझ्या सासरची माणसं बसल्याली. ह्यो विजा चाकाला धरून रडाय लागल्याला. ही खाली उतरली आन् माझ्याकडं बघून म्हणाली, आत्ती, उठत न्हाय बघा ही. मी पोर काढून घेतली. विजाच्या हातात दिली. म्हटलं, मळ्यात घेऊन जा, एकटाच जा, आन् तोंड धुवून ये. पावण्यांना सांगितलं, पोर आजीजवळ ठेवलीया गारगोटीला."

सगळी ऐकत होती. मला थांबता येत नव्हतं.

"ही तशीच हुबी. हात तसाच, वाकवून. पोर असल्यागत. आतनं हाका माराय लागल्याल्या, हळद आणा, हळद आणा. हिचा हात मोकळा दिसला. मी त्या हातात हळदीची परात दिली. म्हटलं, डोळं पूस, पदर नीट घे, आन् चल. रडलीस तर माझ्या लेकीचं लगीन मोडंल. ही न्हाय रडली. परात धरून चालाय लागली."

तेव्हा मी वर बघितलं. स्वप्नालीनं आपले दोन्ही गाल हातांनी धरले होते.

"मला पयली हळद वैनीनं लावली," ती म्हणाली. "हिनंच. मी म्हटलं हिला, वैनी, हात किती थंड गं तुझा. हसलो मी. आई, मी हसलो!"

"तुला ठावं न्हवतं."

"तुला हुतं की! आन् कशासाठी? त्या माणसासाठी? आई, सकाळी धा वाजता उठतोय त्यो! पुढं ढकलायचं हुतंस. मोडलं असतं तर मोडलं असतं! मला विचारायचं हुतंस तरी!" ती वैनीजवळ गेली आणि तिथं फेटा, खण, नारळ एवढं सगळं होतं की हाताला हात लावायला जागा नव्हती. तिनं नारळ उचलला आणि काय करावं न कळून भावजींच्या मांडीवर ठेवला.

भावजी नारळ धरून बसले. त्यांच्या पिशवीत याच्यासाठी काही नव्हतं. ते विजयसिंहाकडं वळले. "तू गेलतास व्हय रं मळ्यात? एकटा?"

विजयसिंहानं मान हलवली. "परत येऊन घोड्यापुढं नाचलो, काका. आईनं सांगितलं, नाच म्हणून." मग तो उठला आणि बायकोच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. माझ्या बाजूला कुणी राहिलं नाही.

भावजींनी शेवटी आपलं नेहमीचं विचारलं, पण या वेळी हाताला नाही, तिला. "पोरी, आणिक काय मागणं हाय का?"

"काय न्हाय मामा," वर्षाराणी म्हणाली. "मला रडायचंय."

"पाय कुठं आहेत?" मॅडमनं विचारलं.

"फरशीवर."

"हे घर कुठलं, साल कुठलं?"

वर्षाराणीनं दोन्ही नीट सांगितलं.

"मग रडा."

माझ्या घरात बायका मोठ्यानं रडत नाहीत. मी रडू देत नाही. त्या दिवशी माझी सून अशी रडली, की गोठ्यातल्या म्हशी दावणीला ओढ घ्यायला लागल्या. स्वप्नाली तिच्या गळ्यात पडून रडली. विजयसिंह रडला. भावजींनी टॉवेल काढला, तो मॅडमला दिला, मग परत मागून घेतला. मी रडले नाही. मला येईना.

हात बरा झाला असं कुणी तुम्हाला सांगितलं तर खोटं आहे. जाताना मॅडमनं दारात मला स्पष्ट सांगितलं, "आज जे झालं ते निभावलं, म्हणून पुन्हा करू नका. हात आणखी काही दिवस दुखेल, कदाचित जास्तच दुखेल. शुक्रवारी त्यांना पाठवा. एकटीला."

"मी सोडतो," विजयसिंह मागून म्हणाला. "भाईर बसतो. कुणी इचारलं तर सांगतो कुठं आलोय."

मी काही बोलले नाही. म्हणजे ठरलं.

पण मॅडमला गल्लीतून बाहेर पडता येईना. रडणं ऐकून बायका दाराशी गोळा झाल्या होत्या. पुढं बाळाबाई. पेठेत कुठं माणूस गेलं की बाळाबाई पहिली पोचते, आणि मयताच्या घरच्यांपेक्षा चांगली रडते. तिनं आत डोकावलं. फेटा बांधलेला हात बघितला, रडणारा बाप्या बघितला, आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "आक्का, कोण गेलं गं?"

खोटं सांगायला माझ्याजवळ दहा गोष्टी होत्या. अकरा वर्षं मी त्यातलीच एक सांगत होते.

"माझी नात गेली," मी म्हणाले.

"अगं आई! कवा?"

"अकरा वर्सं झाली."

बाळाबाईनं माझ्याकडं बघितलं. मागच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एकीला हसू फुटत होतं, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. मग बाळाबाईनं डोक्यावर पदर घेतला, चप्पल काढली, उंबरा ओलांडून आत आली आणि वर्षाराणीसमोर बसली.

"नाव काय ठेवलंतं लेकराचं?"

मला सांगता येईना. सतरा दिवसांची पोर. बारसं लग्नानंतर करायचं ठरलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वर्षाराणी म्हणाली, "उर्मिला."

विजयसिंहानं मान वर केली. त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"उर्मिले गंऽऽ," बाळाबाईनं सूर लावला, "माझ्या सोन्या गंऽऽ" असा, की जणू त्या पोरीला तिनं स्वतः न्हाऊमाखू घातलं होतं. मागच्या बायका एकेक करून आत यायला लागल्या. भिंतीला टेकून बसायला लागल्या. दारात चपला साठत गेल्या. मॅडम जायची राहिली आणि कोपऱ्यात मांडी घालून बसली. गल्लीच्या टोकाची एक म्हातारी काठी टेकत आली. तिला कुणीतरी कानात सगळं सांगितलं. ती दारातच थबकली. "आता गं? अकरा वर्सांनी?"

"उशीर झालाय," मी म्हणाले आणि भिंतीकडं सरकून तिला जागा केली. "या, बसा."